बंद घरातली बोरं
बाजारात बोरांचा आंबटगोड वास आला की मला ते सर्वेक्षण आठवतं. जिल्ह्यातला कोणता तालुका पुढे, कोणता मागे, हे मोजत आम्ही घरोघर फिरत होतो. पाथर्डीकडच्या एका गावात निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. अशाच एका बंद घराच्या अंगणातली बोरं शेजारणीने माझ्या पिशवीत ओतली. पुढच्या आठवड्यात संगमनेरजवळ, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या एका बाईंना गाव विचारलं, तर तेच निघालं. मी बोरं पुढे केली. एक तोंडात टाकून त्या हसतच सुटल्या, "ही तर आमच्या दारातली." बोरं खायला सगळा तळ गोळा झाला, माझे प्रश्न राहिले बाजूला. निघताना त्या म्हणाल्या, "आमचा तालुका मागं हाय, लिवा. पन बोरं हितल्यापरीस गोड हायेत, त्ये बी लिवा." अहवालात त्याला रकाना नव्हता, म्हणून आज इथे लिहिलं.