घडीमामांचा आशीर्वाद

घडीमामा कुणाच्याच बाजूने नसायचे, फक्त घड्याळाच्या. दिवसा उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मशिनं दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी लिंबायतच्या आमच्या गल्लीत पोरापोरींना बुद्धिबळ शिकवायचे. पटाकडे फारसं बघत नसत. डावाची वेळ मोजणारं दोन तोंडांचं घड्याळ मात्र तान्ह्या बाळासारखं मांडीवर. मामीने गाऱ्हाणं सुरू केलं की तेच चालू करत. वेळ संपली की गाऱ्हाणं रद्द. मामी म्हणायची, "या मानूससंगे संसार नई, मॅच शे!"

"चाल खेळनी म्हंजे अर्धी. घडी दाबी तवय पुरी," हा त्यांचा पहिला धडा. ज्या हाताने मोहरं हलवलं त्याच हाताने घड्याळ दाबायचं. माझा डावा हात पुढे आला की त्यावर लाकडी पट्टी बसायची. रडू पुसत बसले तर आणखी ओरडत, कारण तेवढ्यात वेळ माझीच जायची.

दुसरा धडा रीतीचा. मोठं माणूस आलं की उठून पायाला हात लावायचा, डाव चालू असला तरी. पोटासाठी परमुलखात आलो, खानदेश सुटला, म्हणून वळण सुटता कामा नये. विसरलं तर त्यालाही तीच पट्टी.

बापाने मला साफ सांगितलं होतं, स्पर्धेत निवड झाली तर कॉलेज, नाहीतर घरी बसून साड्यांना लेस लाव. शेवटच्या डावात मी जिंकत आले होते. वजीर सरकवला, पुढच्या चालीला मात होती. वेळ अगदी थोडी उरलेली. प्रत्येक चालीमागे घड्याळ काही सेकंद परत देणार होतं, पण दाबलं तर. तेवढ्यात दारातून मामा आले. मी उठले आणि वाकले.

एरवी तुटक बोलणारा हा माणूस त्या दिवशी डोक्यावर हात ठेवून, कुलदेवीचं नाव घेऊन, सावकाश आशीर्वाद देत राहिला. मी सरळ झाले तेव्हा समोरची मुलगी हळूच म्हणाली, "टाइम."

रिक्षात मी विचारलं, "मामा, तुमले घडी दिसे ना?"

"दिसे. पन खेळी रायनी व्हती तू."

कॉलेज गेलं ते गेलंच. आजही मी लेस लावते. त्यांचा राग येतो. इतकं जीव तोडून शिकवणारं पुन्हा कुणी भेटलं नाही, याचा त्याहून जास्त येतो.

मामा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले. अर्धांगवायूने अर्धं अंग लुळं पडलं होतं. मी पायाला हात लावला. चांगला हात उचलायलाही त्यांना फार वेळ लागला. मी वाकलेलीच राहिले. शेवटी तो डोक्यावर येऊन पडला.

वाकड्या तोंडातून शब्द आले, "घडी दाबी का?"

"नई, मामा."

"मंग हारशी," ते म्हणाले, आणि आशीर्वाद न देताच हात काढून घेतला.