यंदा रोटाला मेघा नाही

मेघा ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. माहेर नशिराबादचे, सासर दोंडाईच्याचे. बी.कॉम. झाल्यावर तिचे लग्न नवलशी झाले. घरची कापसाची शेती आहे आणि नवलचे ठिबकच्या नळ्यांचे दुकान आहे. मेघा गावातल्या एका जिनिंगच्या कार्यालयात हिशेब पाहते. पुढची हकिकत तिने माझ्या पत्नीला सांगितली आणि लिहायला हरकत नाही असेही कळवले.

मेघाची पाळी पहिल्यापासून अनियमित होती. कधी दोन महिन्यांनी येई, कधी चार. माहेरी कोणी त्याची दखल घेतली नाही. सासरी घेतली गेली, पण उलट्या बाजूने. तिच्या सासूबाई यशोदाबाई सोवळे पाळणाऱ्या. पाळीच्या दिवसांत सुनेने स्वयंपाकघरात यायचे नाही, हा घरचा नियम. त्यामुळे घरात कुळाचार निघाला की प्रत्येक बाईच्या तारखा आधी विचारल्या जात. मेघाची तारीख कधीच आड येत नसे. नवरात्र असो, पूजा असो, ती कायम हाताशी. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत की धाकट्या सुनेचा पायगुण चांगला आहे, देवाच्या कामात तिची कधी अडचण येत नाही. मोठी जाऊ दिपमाला धुळे शहरातली, थोडी फटकळ. ती म्हणे, "तुझं बरं आहे बाई, तुला सुट्टीच लागत नाही. आम्हीच मेल्या महिन्याला बाहेर."

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. खानदेशात हा सण भाऊबंदकीचा, म्हणजे एका कुळातल्या सगळ्या घरांनी मिळून करायचा असतो. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने गहू मोजून घेतात, ते दळून त्यांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात आणि ते रोट घरच्यांनीच खायचे असतात. करणारी बाई सोवळ्यात हवी. लग्नानंतर हे काम आपसूक मेघाकडे आले आणि तीन वर्षे तिच्याकडेच राहिले. हे आजाराचे लक्षण असेल, असे त्या घरात कोणाच्या मनात आले नाही. मेघाच्याही नाही.

मुलाचा विषय दोघांनी ठरवून लांबवला होता. नवलला दुकान बसवायचे होते. मेघाला वाटे, जिनिंगमध्ये कायम झाले की पाहू. म्हणू तेव्हा होईल असे दोघे धरून चालले होते. चौथ्या वर्षी वजन वाढले, हनुवटीवर केस येऊ लागले, तेव्हा ती धुळ्याच्या डॉक्टरबाईंकडे गेली. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. निदान पीसीओएस. डॉक्टरबाईंनी साध्या शब्दांत सांगितले की अंडाशयातून बीज दर महिन्याला वेळेवर बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. मूल होणार नाही असे नाही, बहुतेकींना होते, काहींना वेळ आणि औषध लागते. मात्र सोयीचा महिना पाहून मूल ठरवता येईल, असे तुमच्या बाबतीत धरू नका.

मेघाने विचारले, थांबलो तर चालेल का. त्या म्हणाल्या, वय अठ्ठावीस आहे, थोडे थांबू शकता. पण थांबायचे तर वजन आणि साखर आटोक्यात आणण्यासाठी थांबा, आणि मग सुरू करा. कशासाठी थांबतो हे स्वतःला माहीत असू द्या.

घरी येऊन दोघांनी ठरवले की उन्हाळाभर वजन उतरवायचे आणि पावसाळ्यात प्रयत्न सुरू करायचे. घरात कोणाला सांगायचे नाही. सांगितले की दर महिन्याला चौकशी सुरू होणार, हे मेघाला ठाऊक होते. ती रोज पहाटे स्टेशनापर्यंत चालत जाऊन येऊ लागली. रात्रीची पोळी एकावर आणली. वजन उतरले आणि पाळी जवळजवळ महिन्याच्या महिन्याला येऊ लागली. ज्येष्ठात डॉक्टरबाईंनी बीज तयार होण्याच्या गोळ्या दिल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या. शिवाय बजावले की आता विचारल्याशिवाय दुसरी कुठलीही गोळी पोटात जाऊ द्यायची नाही.

पहिला महिना रिकामा गेला. दुसऱ्या महिन्याची तारीख नेमकी कानबाईच्या रविवारच्या आसपास आली.

सणाच्या आधी मेडिकलमधून पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणायच्या, ही त्या घरची नेहमीची पद्धत. दिपमालासाठी त्या दरवर्षी येत. यंदा यशोदाबाईंनी दोन पाकिटे आणवली. धाकटीची पाळीही आता नियमाने येते, हे त्यांच्या लक्षात आले होते. बुधवारी संध्याकाळी त्यांनी एक पाकीट मेघाच्या हातात ठेवले आणि उद्यापासून घे म्हणून सांगितले.

मेघाने ते खोलीत नेऊन नवलला दाखवले. नवलचे म्हणणे, या वेळेपुरती घे, पुढच्या महिन्यापासून परत पाहू. घरात वाद नको. मेघाने डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, या महिन्यात दिवस राहिलेत की नाहीत ते अजून कळलेले नाही, अशा वेळी ही गोळी नको. मेघाने ते नवलला सांगितले. नको म्हणायचे तर कारण सांगावे लागणार होते. आणि कारण सांगितल्यावर पाळी आलीच, तर हा महिनाही फुकट गेल्याचे साऱ्या भाऊबंदकीला एकदम कळणार होते.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात गहू निवडणे चालले होते. मेघाने पाकीट सासूबाईंपुढे ठेवले.

"आई, ही मी घेणार नाही."

"काबर? बठ्ठ्या बाया लेतस." सगळ्याच बायका घेतात, असे त्यांचे म्हणणे.

"आम्ही मुलासाठी औषध सुरू केलंय. डॉक्टरांनी ही गोळी नको सांगितलीय. पाळी आली तर मी बाहेर बसेन. रोट ताई करतील."

दिपमालाचा हात सुपात थांबला. यशोदाबाईंनी पाकिटाकडे पाहिले, मग मेघाकडे.

"आते सांगस?"

यशोदाबाईंनी पाकीट उचलून फळीवर ठेवले आणि सूप स्वतःकडे ओढून घेतले. इतकी वर्षे ज्याचे कौतुक केले तोच आजार होता का, एवढे त्यांनी दुपारी नवलला विचारले. नवल हो म्हणाला. पुढे दोन दिवस त्या मेघाशी कामापुरतेच बोलल्या.

शनिवारी पहाटे मेघाला पाळी आली. तिने दिपमालाला उठवून सांगितले आणि पुढच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसली. ती रडली का, हे माझ्या पत्नीने विचारले होते. थोडी रडली, म्हणाली. मग आठ वाजता दवाखान्यात फोन करून उद्यापासून गोळ्या सुरू करते म्हणून कळवले. रोट दिपमालाने केले. सवय नसल्याने कडा फाटल्या, त्यावर दिवसभर तिची थट्टा झाली. गहू मात्र मेघाच्या नावाचेही घेतले होते.

रविवारी कानबाई बसली. दुपारी भाऊबंदकीतल्या बाया जमल्या. त्यात कुंदाबाई या नात्याने यशोदाबाईंच्या थोरल्या जाऊबाई. दारातून येताना त्यांनी मेघाला बाजूला बसलेली पाहिले आणि आत जाऊन मोठ्याने विचारले, "यशोदे, धाकलीले गोयी दिधी नही का?"

मेघाला बैठकीत सगळे ऐकू येत होते. मग यशोदाबाईंचा आवाज आला.

"मीच तिले नको सांगं. डॉक्टरनी औषध शे, ते चुकाडता येत नही."

कुंदाबाईंनी आणखी काही विचारले, ते गाण्यात बुडाले. मेघाने आत जाऊन काही दुरुस्त केले नाही, तसे त्या दिवशी तिला आत जाताही येत नव्हते. तिने तांब्यातले पाणी घेतले आणि पाळीच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे या महिन्याची पहिली गोळी घेतली.