बहिणीच्या नावाचं वादळ

आधी माफी मागतो. ज्यांच्या घरात पुस्तकं असतात त्यांनी लिहावं, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेले मी आणि माझी बहीण पहिलेच, आणि शिक्षण पूर्ण झालं ते माझ्या एकट्याचं. खरं तर हे तिनं लिहायला हवं होतं. ती लिहिणार नाही. यात मी कोणाचंही नाव लिहिलेलं नाही. त्याचं कारण वाचताना कळेल.

वडील लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत होते. आरा मशीनपाशी ओंडके सरकवायचे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीनं त्यांचं नाव उकिरड्यावरून ठेवलं होतं. मरणालाही उचलावंसं वाटू नये, हा हिशेब. वखारीचा मालक ते नाव मुद्दाम लांबवून हाक मारायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तरी वडिलांनी स्वतःचं नाव तसंच ठेवलं. "माह्यं आता कोण बदलते," म्हणायचे. पण पुढच्या वर्षी मुलगी झाली, तेव्हा विहारात जाऊन भंतेजींकडून तिच्यासाठी नाव मागून आणलं. त्याचा अर्थ ते पानवाल्यालासुद्धा सांगत. घरात तिला कोणी अर्ध्या नावानं हाक मारलेली त्यांना चालायची नाही.

मला शाळेत उशिरा घातलं होतं, म्हणून कॉलेजातही आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. नंदनवनहून, आमच्या वस्तीतून, एकाच सायकलवर जायचो. विषय भूगोल. आणीबाणी उठली ते वर्ष.

पावसाळा संपता संपता सरांनी वादळं शिकवली. अमेरिकेत म्हणे हरिकेन उठायच्या आधीच नावांची यादी तयार असते. इंग्रजी मुळाक्षरांचा क्रम, आणि सगळी नावं बायकांची. पहिल्या वादळाला पहिलं, दुसऱ्याला दुसरं.

"बायकांचीच काहून, सर?" एकानं विचारलं.

"लग्न झालं की कळेल," सर म्हणाले. वर्ग हसला. मी ते वाक्य सोडून बाकी सगळं वहीत उतरवून घेतलं.

आपल्या समुद्रातल्या वादळांना नावं नसतात, नुसतं चक्रीवादळ म्हणतात, हेही सरांनी सांगितलं. "म्हणजे आपल्याकडे जागा खाली आहे, सर," मागच्या बाकावरून आवाज आला. तो वडिलांच्या मालकाचा मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या बहिणीचं नाव होतं. वर्गात आणखीही मुली होत्या. पण तिच्या नावावरून आम्ही कोण, हे लगेच कळायचं. नावाखाली आकाशवाणीच्या थाटात लिहिलं होतं: 'नंदनवनहून सायकलच्या कॅरियरवर बसून पुढे सरकत आहे. सोवळ्यातल्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.'

बहिणीनं ते वाचलं, बाकावर बसली आणि वही उघडली. मी पुसायला उठलो तर म्हणाली, "राहू दे, दादा. उद्या मोठ्या अक्षरात लिवतीन."

त्या दिवसापासून हजेरीत तिचं नाव आलं की मागून वारा सुटायचा. सूंऽऽ. सर तो थांबेपर्यंत थांबत, मग हजेरी मांडत. मी त्यांना स्टाफरूमबाहेर गाठलं.

"अरे, अमेरिकेतल्या बायका मिरवतात अशी नावं," ते म्हणाले. "तुम्ही लोक फार लवकर मनाला लावून घेता."

दिवाळी झाली आणि आंध्रच्या किनाऱ्यावर खरंच चक्रीवादळ आलं. गावंच्या गावं वाहून गेली. रेडिओवर मेलेल्यांचा आकडा रोज वाढत होता. फळ्यावर तो आकडा रोज बदलला जायचा, आणि त्याच्यावर बहिणीचं नाव असायचं.

मालकाचा मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. वखारीत तो वर्तमानपत्र घेऊन वडिलांसमोर उभा राहिला. "क्यों बाबा, तेरी लडकी ने तो पूरा किनारा साफ कर दिया. देख, सरकार ने तूफान को उसका नाम दिया है." वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं बातमी पुन्हा वाचून दाखवली, नाव घालून. आरा बंद करून सगळी वखार ऐकत होती.

संध्याकाळी वडील तिच्यासमोर बसले. "बाई, तुह्यं नाव कालिजात फळ्यावर लिवलं व्हतं का?"

तिला खोटं बोलता येत नसे. "होतं, बाबा."

"मंग पेपरातबी आलं असन."

"त्यानं खोटं वाचलं, बाबा. आपल्याकडं वादळाले नावच नसते." मी पेपर आणून ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवला.

"तुमी दोघंबी शिकलेले," वडील म्हणाले. "माह्यापासून लपवून राहिले."

दीक्षेच्या वेळचे पांढरे कपडे त्यांनी बाहेर काढले आणि मला हवामानाच्या कार्यालयावर घेऊन गेले. फाटकावर चौकीदार होता.

"साहेबाले भेटाचं हाय. नाव काढाचं हाय."

"कोणाचं?"

"वादळाचं. माह्या पोरीचं हाय ते."

चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं. "इथं वादळाले नाव नाही देत, बाबा. इथं पाऊस मोजतात."

"मंग कुठं देतात गा?" वडिलांनी मला विचारलं.

मी जे शिकलो होतो तेच सांगितलं. अमेरिकेत.

वडील फाटकाची जाळी धरून उभे राहिले. "तिथवर गेलं," एवढंच म्हणाले.

बहिणीनं हजेरीला 'हजर' म्हणणं सोडून दिलं. बाकावर बसलेली असायची, पण नाव आलं की बोलायची नाही. हजेरी कमी भरली म्हणून तिला परीक्षेला बसू दिलं नाही. उन्हाळ्यात भंडाऱ्याकडे तिचं लग्न झालं. पूर्वी लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात लिहायचे. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी ते सोडलं होतं. तिनं सासूला सांगून ताट मागवलं.

"मी देल्लं ते काय वाईट व्हतं वं?" वडिलांनी विचारलं.

"नाही, बाबा. लय चांगलं व्हतं," ती म्हणाली, आणि ताट नवऱ्यापुढे सरकवलं.

तिचं नवं नाव वडिलांच्या तोंडी कधी बसलं नाही. ती माहेरी आली की तिला नुसतं 'माय' म्हणायचे. आणि दर पावसाळ्यात, ढग आले की मला विचारायचे, "काढलं का गा त्यायनं?" मी मास्तर झालो, भूगोल शिकवू लागलो, तरी विचारायचे. तसं काही नव्हतंच, हे मी कितीदा तरी सांगितलं. शेवटच्या आजारातही त्यांनी तेच विचारलं. तेव्हा मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

ते जाऊन वर्ष झालं. परवा शाळेच्या रद्दीत एक जुनं इंग्रजी वर्तमानपत्र हाती लागलं. आतल्या पानावर छोटी बातमी होती. अमेरिकेत आता वादळांना आळीपाळीनं पुरुषांचीही नावं देतात. तिथल्या बायकांनी तशी तक्रार केली होती आणि ती ऐकली गेली. खाली दोन ओळी आणखी होत्या, ज्या सरांनी आम्हाला शिकवल्या नव्हत्या: ज्या वादळात फार माणसं मरतात, त्याचं नाव यादीतून काढून टाकतात. ते पुन्हा कोणत्याही वादळाला देत नाहीत.