जिन्यातला लिलाव

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. साल दोन हजार सहा. घरमालकीण तळमजल्यावर एकटीच राहायची. वय पंचाहत्तरीला आलेलं, पण जिना पुसायची पाळी कुणी चुकवली तर लगेच बेल वाजवणार. माझी सहा वर्षांची मुलगी तिला ओमा, म्हणजे आजी, म्हणायची, म्हणून आम्हीही ओमाच म्हणू लागलो. तिला मोतीबिंदू झाला होता. आलेली पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. माझं जर्मन अडखळतं. ती उच्चार सुधारत ऐकायची.

एप्रिलमध्ये जवळच्या शाळेचं पत्र आलं. दहावीच्या मुलांनी जुनी कागदपत्रं शोधली होती आणि आमच्या दारासमोरच्या फुटपाथमध्ये तळहाताएवढे, वर पितळी पत्रा असलेले तीन दगड बसवायचं ठरलं होतं. युद्धात या घरातून नेऊन मारलेल्या ज्यू कुटुंबाची नावं त्यांवर असणार होती. नवरा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. ‘तिसरा मजला’ असंही लिहिलेलं होतं. म्हणजे आम्ही राहतो तेच घर.

“तुमच्या ओळखीचे होते?” मी विचारलं.

“मुलगी माझ्याहून वर्षाने लहान. आम्ही याच जिन्यावर खेळायचो.”

मला वाटलं, आता रडेल. पण ती अगदी सपाट आवाजात बोलत राहिली. “त्यांना नेलं आणि दाराला सील लावलं. काही आठवड्यांनी सरकारी माणूस आला, सील तोडलं, सामान जिन्यात मांडलं आणि लिलाव केला. सगळी गल्ली आली होती. बायका रांगेत उभ्या राहून हसत होत्या. माझ्या आईने स्वयंपाकघरातलं कपाट घेतलं. आणि कोट.”

“कुणाचा कोट?”

“त्या मुलीचा. निळा, लोकरीचा. दोन हिवाळे मी तो घातला.” मग छताकडे बोट दाखवून म्हणाली, “कपाट वर आहे. तुझ्याकडे.”

काचेच्या दारांचं ते कपाट आम्हाला घराबरोबरच मिळालं होतं. खाली डाळी आणि मसाले, वरच्या कप्प्यात माझे देव. त्याच्यासमोर मी रोज दिवा लावत होते.

वर येऊन मी सगळं बाहेर काढत सुटले. हळदीचा डबा सांडला तरी थांबले नाही. संध्याकाळी नवरा आला तो जमिनीवरचा पसारा बघून म्हणाला, “मुंग्या झाल्या का?”

मी सांगितलं. तो बूट न काढताच खुर्चीत बसला. “आपण थोडंच घेतलंय ते,” म्हणाला.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने जर्मनमध्ये विचारलं, “मग ती मुलगी काय घालून गेली?”

मी सांडलेली हळद गोळा करू लागले.

दगड बसवायच्या दिवशी तीसेक माणसं जमली. एक माणूस गुडघे टेकून फरशीत दगड बसवत होता, शाळेतली एक मुलगी नावं वाचत होती. ओमाने माझा दंड घट्ट धरला होता. वाचन संपलं आणि ती एकदम मोठ्याने म्हणाली, “मी तिचा कोट घातला होता.”

शेजारचे आजोबा समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, तुम्ही लहान होता तेव्हा.”

“नऊ वर्षांची होते. मला वाचता येत होतं. कॉलरच्या आत तिचं नाव शिवलेलं होतं. आईने ती पट्टी उसवली, तेव्हा मी शेजारीच बसले होते.”

त्यानंतर गल्लीतल्या दोन घरांनी ओमाशी बोलणं सोडलं. तिचा पुतण्या फोनवर तिच्यावर ओरडला. माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. शाळेच्या बाईंनी त्या कुटुंबाचे नातेवाईक शोधले, कुणी सापडलं नाही. शेवटी चार मुलं येऊन कपाट शाळेत घेऊन गेली. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला. देव मी खिडकीत मांडले.

पुढच्याच आठवड्यात मी ओमाकडे पत्रं वाचत असताना समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई आल्या. गल्लीत भेटल्या की नमस्कारापुरतं नुसतं ‘टाग’ म्हणणाऱ्या. त्यांनी पिशवीतून घडी घातलेलं पांढरं टेबलक्लॉथ काढलं. “हे पण त्यांचंच,” म्हणाल्या. “माझ्या लग्नात हेच अंथरलं होतं.”

ओमाने त्यावर हात ठेवला, पण उचललं नाही.

मग त्या बाई खुर्चीत बसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. शिवणयंत्र कोपऱ्यावरच्या घरात. पियानो डॉक्टरकडे, ते डॉक्टर आता हयात नाहीत. आरसा बेकरीवाल्यांच्या आईने घेतला, तो अजून दुकानात आहे.

“तू जातेस ना तिथे?” त्यांनी मला विचारलं.

मी रोज जात होते. पावासाठी रांगेत उभी राहून त्याच आरशात बघून मुलीचे केस नीट करत होते.