बाळाबाईचं ‘काय न्हाय’

राजारामपुरीतल्या बाळाबाईची शाळा दुसरीतच सुटली, पण चौकशीत ती गल्लीत पहिली. शेजारची चिमणाबाई ताट झाकून निघाली, की फडकं वर केल्याशिवाय तिला पुढं जाऊ द्यायची नाही. स्वतःचं मात्र उलटं. मुरगूडला लेकीकडं एसटीतनं पोळ्यांचा डबा धाडताना कंडक्टरनं विचारलं, की हिचं ठरलेलं, "काय न्हाय, घरचंच हाय." आपण दिलेल्याचा गवगवा करू नये, एवढीच तिची अक्कल.

नात संयोगिता कस्टमची कामं करणाऱ्या महांतेशकडं शिकाऊ होती. परदेशातनं येणाऱ्या पेटीत काय आहे, कुणी धाडलं, कुणाला, हे बोट बंदराला लागायच्या आधी सरकारला कळवावं लागतं. माल मागवणाऱ्या कारखानदारांना फोनवर विचारून ते आपोआप भरणारं यंत्र पोरीनं बनवलं होतं. त्या दिवशी दुपारी महांतेश ते घरीच बघायला येणार होता. पसंत पडलं तर नोकरी इथंच, नाहीतर पोरगी पुण्याला.

सकाळी नातीनं चाचणी म्हणून आज्जीपुढं फोन धरला. पेटीत काय आहे, असं फोननं विचारल्यावर बाळाबाईनं पदर सावरला नि नव्या नवरीसारखी लाजून म्हणाली, "काय न्हाय ओ, जरा सामान हाय."

यंत्रानं निमूट ‘सामान’ लिहून घेतलं. संयोगिताचा चेहरा उतरला. एवढ्यावर पेटी बंदरातच अडकते, आणि कारखानदारही असंच बोलतात, म्हणाली. एका वाक्यात आपण नातीला पुण्याच्या गाडीत बसवलं, असं बाळाबाईला वाटलं. मग राग फोनवर काढला.

"लई भिडस्त हाय ग त्यो. मला कुणी असं सांगिटलं, तर मी सोडीन व्हय?"

संयोगितानं तिच्याकडं टक लावून बघितलं. मग आज्जी कसं विचारते ते एकेक विचारून घेतलं नि जेवायचं सोडून यंत्राला शिकवत बसली.

दुपारी महांतेश आला. बाळाबाईनं त्याचं गाव, आडनाव, सासुरवाड काढून मगच चहा दिला. फोननं पेटीबद्दल विचारल्यावर तो कारखानदारांच्या सवयीनं म्हणाला, "काय न्हाय, मशीनचं सामान."

"कुठल्या मशीनचं? सामान म्हणजे काय? कशाचं बनवलंय? नाव सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही." फोननं अडवलं.

महांतेशनं कप खाली ठेवला, फोनकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारातल्या बाळाबाईकडं. "ही आज्जी ह्यात कशी शिरली?" हसत त्यानं पेटीतल्या पंपाचं नाव सांगितलं नि संयोगिताला सोमवारपासून कायम यायला सांगितलं.

तो गेल्यावर चिमणाबाईनं कुंपणावरनं विचारलं, पावणं कशाला आलतं?

बाळाबाईनं डोळे पुसले. "काय न्हाय," ती म्हणाली.