भाजलेल्या भुईवरची अळंबी

पडदा वर जातो तो भाईंदरच्या बाजारातल्या चिखलावर. आषाढातली सकाळ, साल अडुसष्ट. मासळीच्या टोपल्यांना लागून, पळसाच्या पानांवर अळंब्या मांडत जवळच्या राई गावची शेवंती बसली आहे आणि तिला त्या अळंब्यांची किळस येते आहे.

ही किळस जुनीच. उन्हाळ्यात शेण-पालापाचोळा पसरून राब भाजायचा, म्हणजे भाताची रोपं जोमानं येतात; पाऊस पडला की त्याच काळ्या भुईतून अळंब्या डोकं काढत. शेवंतीच्या हाताला त्या पालीच्या पोटासारख्या लागत. पण विषारी कुठली, खाण्याची कुठली, हे तिच्याइतकं राईत कुणालाच कळत नसे. गिऱ्हाईक अळंबीला भितं, म्हणून ती त्याच टोपलीतल्या अळंब्यांची भाजी शिजवून डब्यात आणी आणि सगळ्यांदेखत पहिला घास स्वतः खाई. ओकारी गिळून, सोळा वर्षं. त्या घासाच्या भरवशावर लोक डोळे मिटून अळंब्या विकत घेत.

यंदा दोन दिवस ती तापानं पडली होती. अळंब्या दिरानं, नाथानं, आणल्या. भाजी जावेनं केली. आज मांडता मांडता एका अळंबीच्या मुळाशी तिला जळक्या शिंगाचा तुकडा लागला.

"नाथा, कुठनं आनलीस?" तिनं शेजारी उभ्या दिराला विचारलं.

"दाजींच्या गोठ्याच्या राखंतून. दोनदा धुतल्यान. कोनाला कलतंय, वयनी? खा नि वीक."

वैशाखात शेजारच्या दाजींचा तो गोठा जळाला, तेव्हा दोन म्हशी आतच राहिल्या होत्या.

तेवढ्यात रेल्वेतल्या कारकुनाची बायको शालूताई पिशवी उघडून उभी. "काय गं, आज उपास की काय? खा ना लवकर. ह्यांचा डबा व्हायचाय."

शेवंतीनं घास ओठांपर्यंत नेला. न खाल्ला तर आजच आपलं दुकान उठणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं घास खाली ठेवला.

"शालूताई, ही घेऊ नका. जललेल्या म्हशींवर उगवलीय."

शालूताईंनी नाकाला पदर लावला. "आणि इतकी वर्षं काय काय चारलंस आम्हाला?" त्या वळल्या; मागच्या दोघीही वळल्या. शेजारच्या कोळणीनं आपली टोपली हातभर लांब ओढली.

शेवंतीनं टोपली आणि डबा दोन्ही गटारात उपडे केले.

"सोला वर्सांचं नाव घालवलंस," नाथा म्हणाला. "त्यांनी नेली असती, खाल्ली असती नि विसरल्या असत्या."

भिंतीशी वाकून शेवंती एकदा ओकली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "त्या विसरल्या असत्या. घास माज्या तोंडात जातो, नाथा, तुज्या न्हाय."