विम्यावर लेकीचं नाव

दिवाळीच्या सुट्टीत एका शनिवारी दुपारी यवतला घरी मेथी निवडत बसले होते आणि सायलीचा फोन आला. "आई, आधी ऐक, मला काही झालेलं नाही..." पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

सायली आमची एकुलती एक, कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी, तेवढ्यापुरती ती घरची गाडी चालवते. हे कंपनीच्या बसने कुरकुंभला जातात, त्यामुळे एरवी गाडी कव्हरखाली... फार तर रविवारी बुद्धविहारापर्यंत.

म्हणून विमा भरताना दरवर्षी माझी कुरकुर ठरलेली. गाडी धावणार पोरीच्या सुट्टीत आणि पैसे भरायचे वर्षाचे! एकदा आमच्या विमावाल्या सुनीलभाऊंना विचारलंही होतं, सुट्टीपुरता मिळत नाही का हो? ते म्हणाले, "ताई, ही काय मंडपवाल्याची खुर्ची हाय, दोन दिसाच्या भाड्यानं न्यायला?"

तर त्या दिवशी सायली माझ्या आईला शिरूरला सोडून एकटीच परत येत होती. न्हावऱ्याजवळ पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली आणि आमची गाडी मागून तिच्यावर गेली. बोनेट दुमडलं, दिवे फुटले, पण पोरीला साधं खरचटलंही नाही. ट्रॅक्टरवाल्या मामांनीच तिला बाजूला बसवून पाणी दिलं.

हे दिरांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. संध्याकाळी गाडी यवतच्या गॅरेजला आणि सायली घरी आली. तिला डोळ्यांनी बघितलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

पण एक काळजी मिटली की दुसरी दारात उभी... गॅरेजवाल्याने खर्च सांगितला आणि दिरांनी विचारलं, "वैनी, विम्यावर पोरीचं नाव हाय का?"

नव्हतं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, सातबाऱ्यावर चढवतात तसं विम्यावरही नाव चढवावं लागतं.

"मंग झालं! दादाच चालवत व्हता म्हणायचं. कोण बघाय गेलंय?"

सायली म्हणाली, "काका, त्या मामांनी पाणी मला पाजलंय, पप्पांना नाही."

"तू गप गं, इंजिनिअर!"

यांनी गुपचूप स्वतःच्या लायसनचा फोटो काढून सुनीलभाऊंना पाठवून दिला.

मला काही सुचेना. घासलेली भांडी परत घासली. दारात गेले, ओट्याशी आले, परत दारात...

वंदनेला बसले तर पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर, 'मुसावादा वेरमणी'वर, जीभ अडली. खोटं बोलणार नाही असं रोज म्हणते, तिथे कधी अडत नाही. आता तेच म्हणायचं आणि खोट्याच्या पैशाने गाडी दुरुस्त करायची? पण खरं सांगितलं आणि क्लेम बुडाला, तर सायलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांना हात लागणार. वर नवऱ्याला खोटं पाडणारीही मीच...

वंदना कशीबशी पुरी केली, यांच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. म्हटलं, "सुनीलभाऊ, गाडी सायली चालवत होती. विम्यावर तिचं नाव नाही. आता काय व्हायचं ते होऊ द्या."

पलीकडून सुनीलभाऊंचं हसू ऐकू आलं.

"ताई, विमा म्हंजी सातबारा हाय का नाव चढवायला? विमा गाडीचा असतो. दादांनी चावी दिली, पोरीकडं पक्कं लायसन हाय, मिटलं की!" मग आवाज जरा खाली आला. "आन् बरं झालं फोन केलात. दादांनी धाडलेलं लायसन आत्ताच बघत व्हतो... त्ये उन्हाळ्यातच संपलंय. त्येच चालवत व्हते म्हणून टाकलं असतं, तर क्लेम तिथंच बुडाला असता."

यांनी लायसन हातात घेतलं, चष्मा पुसला, तारीख परत वाचली. सायलीला हसू आवरेना. "पप्पा, म्हणजे घरात कायदेशीर मी एकटीच!" दीर मात्र चहा न घेताच उठले.

नंतर सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, आता मंजुरीची वाट बघतोय. सुनीलभाऊ म्हणाले, कमी चालणाऱ्या गाडीला किलोमीटरच्या हिशोबाचाही विमा मिळतो, पुढच्या वेळी बघू. पण दुसऱ्याच्या नुकसानीचा जो भाग असतो, तो गाडी उभी असली तरी वर्षभर लागतोच. तुमच्याही घरी अशी सुट्टीतली ड्रायव्हर मंडळी असतील तर विचारून ठेवा... आणि लायसनच्या तारखा बघा. मुलांच्या आधी मोठ्यांच्या!

सायली परवा कोल्हापूरला गेली. दर सुट्टीत मी तिच्या गाडी चालवण्याला भीत होते आणि रविवारी बिनघोर बसत होते ती यांच्या शेजारी...

यांचं लायसन रिन्यूला दिलंय, तोवर आम्ही विहारात चालत जातो. चौथ्या शीलाला हल्ली यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा लागतो. पोर सुखरूप आहे, एवढंच मी मनात म्हणते आणि हात जोडते.